सातचा शो

कोल्हापुरातल्या पाच मुलांनी डिसेंबर २०२४ मधल्या एका शनिवारी मराठी स्टँडअप कॉमेडीचा तिकीट लावून शो केला. वेळ संध्याकाळी सातची. शो भरवायची त्यांची ही पहिलीच खेप. होस्ट म्हणून उभा राहणारा मुलगाही कॉलेजचं गॅदरिंग आणि पुण्यातले काही ओपन माइक सोडले तर नवखा होता. आठ वाजून एकतीस मिनिटांनी त्याच्या तोंडून एक वाक्य गेलं आणि शो तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी त्या वाक्याचा व्हिडिओ शहरभर फिरला.

ज्यांनी व्हिडिओ पाहिला त्यांनी निकाल देऊन टाकला: पोरगं उद्धट आहे. मी त्या हॉलमध्ये होतो. हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, मुलांनी दोन दिवे मागितले म्हणून गेलो होतो. साडेचारपासूनचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. त्याआधीचं मुलांनी नंतर बसून सांगितलं. होस्टला विचारूनच हे लिहितो आहे. ते वाक्य आकाशातून पडलं नव्हतं. सकाळपासून एकेक गोष्ट त्याच्याकडेच चालली होती आणि त्यातली प्रत्येक त्या त्या वेळी साधी, समजण्यासारखी वाटत होती.

सकाळी ९ : शोला दहा तास

नाटकवेड्या कोल्हापुरात कॉमेडी शो मंगल कार्यालयात का झाला, ते आधी सांगतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर ते हेच. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबाग मैदानाशेजारी उभे राहून आमच्यातले कितीतरी जण लहान मुलासारखे रडले. त्यानंतर शहरात ज्याला कार्यक्रम करायचा तो मिळेल ते छप्पर शोधू लागला. मुलांना शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय मिळालं. सकाळी तिथे कुणाचा तरी साखरपुडा होता, दुपारी चारनंतर हॉल मुलांच्या ताब्यात येणार होता.

नऊ वाजता दोघे जण हॉल बघून आले. सुमारे सातशे खुर्च्या मांडलेल्या होत्या, मधोमध नवरा-नवरी येण्यासाठी रुंद वाट, पुढे मानाच्या माणसांसाठी लाल सोफे. तिकिटं दोनशेच्या आसपास गेली होती. त्यांनी ठरवलं, खुर्च्या अशाच राहू देत. सातशे खुर्च्यांचा हॉल म्हणजे शो मोठा वाटतो, आणि ऐनवेळी लोक वाढले तर पंचाईत नको.

माझ्या मते शो हरायला सुरुवात इथे झाली. हसणं ही शेजारच्याकडून लागणारी गोष्ट आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने हसण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, असं त्याचं निरीक्षण होतं. चारचौघांत म्हणजे खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. दोनशे माणसं सातशे खुर्च्यांवर विखुरली की प्रत्येक जण एकटाच बसलेला असतो. मधल्या वाटेने उरलंसुरलं हसूही दोन तुकड्यांत वाटलं जातं. आणि होस्ट रंगमंचाच्या मध्यावर उभा राहून ज्या सरळ रेषेत बघणार, तिथे एकही माणूस नसतो, रिकामी वाट असते.

दुपारी १२.३० : शोला साडेसहा तास

शोचा मुख्य कलाकार, मुलांच्या भाषेत हेडलायनर, पुण्याहून गाडीने निघाला. पुणे-कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर चार-साडेचार तास. पाचला पोचणार, चहा, आराम, सातला तयार, असा हिशोब. पण सातारा ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण तेव्हा जोरात चालू होतं, आणि कराडजवळ मलकापूरला उड्डाणपुलाच्या कामामुळे वाहतूक सेवा रस्त्यावर वळवलेली असायची. शनिवारी दुपारी तिथे गाडी किती वेळ थांबेल हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरलाही सांगता आलं नसतं. आदल्या रात्री निघणारी रेल्वे होती, सकाळी निघणारी एसटी होती. कलाकाराला शुक्रवारी रात्री पुण्यात दुसरा शो होता. त्याचा दोष नाही. वेळापत्रकात श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नव्हती.

दुपारी ३ : शोला चार तास

यावेळी साउंड चेक व्हायला हवा होता. हॉलमध्ये जेवणाची शेवटची पंगत बसली होती.

दुपारी ४.३० : शोला अडीच तास

मी पोचलो तेव्हा फरशी पुसणं चाललं होतं. स्वयंपाकघर रंगमंचाच्या बरोबर मागे, मधे पत्र्याचं दार. साखरपुड्याची भांडी तिथे घासायला काढली होती आणि ती रात्रीपर्यंत पुरतील इतकी होती.

साउंडवाला माणूस चांगला. वर्षानुवर्षं हळदी, ऑर्केस्ट्रा, गणपतीचे कार्यक्रम केलेला. त्याने दोन मोठे स्पीकर रंगमंचाच्या दोन टोकांना लावले, एक कॉर्डलेस माइक दिला आणि मिक्सरवर इकोचं बटण निम्म्यापर्यंत फिरवलं. होस्टने "हॅलो" म्हटलं, हॉल "हॅलो-लो-लो" म्हणाला. मुलं खूश झाली. मी त्याला इको बंद करायला सांगितलं तर म्हणाला, "इको टाकल्याशिवाय आवाज भरत न्हाई हो. गाणाऱ्याला विचारा."

गाणाऱ्याचं त्याचं खरंच आहे. बोलणाऱ्याचं गणित वेगळं. समोरची भिंत १७ मीटरपेक्षा लांब असेल तर गेलेला आवाज परत येऊन वेगळा ऐकू येतो, हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. हा हॉल तीसेक मीटर लांब, खाली गुळगुळीत फरशी, बाजूला काचा, वर पत्रा. पडदा नाही, सतरंजी नाही, आवाज शोषून घेईल असं काही नाही. अशा खोलीत इको खोलीचाच पुरेसा असतो. विनोदात शेवटचा शब्द महत्त्वाचा, त्यावर हशा टांगलेला असतो, आणि नेमका तोच शब्द आधीच्या शब्दाच्या शेपटीत बुडतो. माणसं शेजाऱ्याला विचारतात, "काय म्हणाला?" ते कळेपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

साउंडवाल्याने शेवटी इको कमी केला. पूर्ण बंद केला नाही. मॉनिटर, म्हणजे रंगमंचावरच्या माणसाला आपला आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवतात तो स्पीकर, आणलेलाच नव्हता. त्यामुळे होस्टला स्वतःचा आवाज समोरच्या भिंतीवरून उशिरा परत येईल तेव्हाच ऐकू येणार होता. मागे भांडी. आणि शेजारच्या लॉनवर मांडव सजत होता. डिसेंबरचा पहिला पंधरवडा, धनुर्मासाच्या आधीची लग्नसराई. गोरज मुहूर्त, म्हणजे वरात साधारण आठला. लॉनच्या फाटकाशी डॉल्बीचा ट्रॅक्टर उभा होता.

दिव्यांचं असं झालं की हॉलची झुंबरं आणि रंगमंचाचे दिवे एकाच बोर्डावर, एकाच बटणांच्या रांगेत. प्रेक्षकांत अंधार केला असता तर चालला असता. पण व्हिडिओवाल्याला प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया टिपायच्या होत्या. त्याने झुंबरं चालू ठेवायला लावली आणि स्वतःचा एलईडी पॅनल मधल्या वाटेत, होस्टच्या तोंडावर रोखून उभा केला. आपल्या नाटकांत प्रेक्षकांत अंधार का करतात? अंधारात माणसाला कुणी बघत नाही. मग तो मोकळेपणी हसतो, सासऱ्याशेजारी बसून नवरा-बायकोच्या विनोदावरही हसतो. लख्ख उजेडात तो आधी आजूबाजूला बघतो.

संध्याकाळी ५.४० : शोला एक तास वीस मिनिटं

कराडहून फोन आला. गाडी पाऊण तासापासून जागेवर उभी होती.

मुलांनी क्रम बदलला. होस्टने सुरुवातीला सात मिनिटं करायची होती. मग दोन स्थानिक मुलं दहा-दहा मिनिटं, मग हेडलायनर तासभर. आता ठरलं, होस्टने सुरुवातीलाच खेचायचं. किती, ते कुणी सांगितलं नाही. "बघू, वीस-पंचवीस." होस्टच्या हातातल्या चिठ्ठीवर सात मिनिटांचं लिहिलेलं होतं. त्याने उलट्या बाजूला लिहिलं, "क्राउड वर्क." प्रेक्षकांना प्रश्न विचारायचे, उत्तरांवरून बोलायचं. खाली चार प्रश्न आणि प्रत्येकासाठी तयार उत्तर. ती चिठ्ठी मी नंतर वाचली आहे. तिसरा प्रश्न असा होता: कुणी वयस्कर गृहस्थ एकटे दिसले तर विचारायचं, काकू कुठायत? उत्तर काहीही येवो, म्हणायचं, "म्हणजे आज मोकळे! बघा चेहरा कसा खुललाय."

क्राउड वर्क यूट्यूबवर सगळ्यात सोपं दिसतं आणि करायला सगळ्यात अवघड आहे. तिथे बोलण्यापेक्षा ऐकणं जास्त लागतं. उत्तर नीट ऐकायचं, त्यातला एक शब्द पकडायचा आणि त्यावरच पुढे जायचं. तयार उत्तर खिशात ठेवून प्रश्न विचारणं म्हणजे ऐकायचं दारच बंद करून घेणं. मुलाने हे दुष्टपणाने केलं नाही. पंचवीस मिनिटं भरायची होती आणि हातात एक तास उरला होता.

संध्याकाळी ६.३० : शोला अर्धा तास

दारं उघडली. तिकिटं काढलेले दोनशे आणि प्रायोजकाने वाटलेल्या पासांवर आलेले साधारण शंभर. पासवाले सहकुटुंब, लहान मुलांसकट, काही जण कार्यक्रम कसला आहे हे न कळता आलेले. माणसं आपण सगळे सभेला बसतो तशी बसली: पुढची जागा मानाची म्हणून मोकळी, मधली अर्धी, बहुतेक सगळे मागच्या दाराजवळ, आवडलं नाही तर उठता यावं म्हणून.

त्या वेळी दोन मुलांनी मागच्या दहा रांगांना नुसती दोरी बांधली असती, तरी संध्याकाळ बदलली असती. मला हे आजही वाटतं. एके काळी शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव कथाकथन करत हिंडले. शंकर पाटील तर आपल्याच जिल्ह्यातले, पट्टणकोडोलीचे. शाळेचं पटांगण, एक टेबल, एक माइक, बस्स. पण माणसं खाली सतरंजीवर, गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि पहिली रांग बोलणाऱ्याच्या पायापाशी असायची. त्यांच्या कथा थोर होत्याच. माणसांची ती दाटीही त्यांच्या मदतीला होती.

संध्याकाळी ७.०० : शोची वेळ

शो सुरू झाला नाही. प्रायोजकाने बोलावलेले पाहुणे यायचे होते. तिकीट काढून वेळेत आलेली माणसं बसून राहिली.

मराठी नाटकाला तीन घंटा असतात. तिसरी झाली की बोलणं थांबतं, खोकणारा खोकून घेतो, सगळे एका दिशेला बघतात. प्रेक्षकांची गर्दी त्या घंटेने एक होते. इथे घंटाही नव्हती आणि सुरुवातही नव्हती. होस्ट पत्र्याच्या दारामागे भांड्यांच्या आवाजात चिठ्ठी वाचत उभा होता. त्याच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरात.

संध्याकाळी ७.३५

पाहुणे आले. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगत. मनोगतात पाहुण्यांनी हल्लीची मुलं विनोदाच्या नावाखाली काहीही बोलतात यावर काळजी व्यक्त केली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. विनोदी कार्यक्रमातली ही त्या दिवसाची पहिली टाळी होती आणि ती विनोदाच्या विरोधात पडली होती.

सत्कार वाईट असतो असं मी म्हणणार नाही. माणसांचा मान ठेवणं ही आपली रीत आहे. पण त्याने हॉलचा सूर ठरतो. आपल्या तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग. हा क्रम शतकभर टिकला तो उगाच नाही. गणात देवाला नमन होतं आणि माणसं शांत होतात. गवळणीत मावशी आणि सोंगाड्या त्यांना हसायला लावतात. बतावणीपर्यंत सगळी सभा एका लयीत आलेली असते. होस्टचं काम गण-गवळणीचं आहे. लोकांना सांगायचं की इथे हसायचं आहे, मोठ्याने हसलेलं चालतं, मोबाइल ठेवा, पुढे या. सगळ्यांत विनोदी माणूस त्यालाच व्हायचं नसतं. पस्तीस मिनिटं भाषणाच्या सुरात बसलेल्या माणसांना परत हसण्याच्या सुरात आणणं अनुभवी माणसालाही जड जातं.

रात्री ८.१०

होस्ट आला. पहिल्या दोन विनोदांना मधल्या रांगांतून थोडं हसू आलं. मागच्यांना शब्द लागत नव्हते. तिसऱ्या विनोदाच्या शेवटी एक लहान मूल रडलं. घाबरलेला मुलगा जे करतो तेच त्याने केलं: वेग वाढवला. वेग वाढला तसे शब्द आणखी एकमेकांत मिसळले. सात मिनिटांचं लिहिलेलं चारच मिनिटांत संपलं.

विंगेतून मित्र हाताने खुणावत होता, खेच. गाडी कोल्हापूरच्या अलीकडे होती, पण शहरात शिरायला अजून वेळ होता.

सव्वाआठच्या सुमाराला शेजारच्या लॉनवर वरात आली आणि डॉल्बी सुरू झाला. काचा थरथरत होत्या. साउंडवाल्याने माइकचा आवाज वाढवला, माइकने शिट्टी मारली, त्याने तो पुन्हा कमी केला. होस्टने चिठ्ठी उलटी केली.

पहिला प्रश्न एका जोडप्याला, जमला. दुसरा पासवर आलेल्या कुटुंबाला, अर्धवट जमला. या काळात मी त्याच्याकडे जवळून बघत होतो. तो प्रश्न विचारायचा, ओठांकडे बघायचा आणि एक क्षण थांबून पुढचं बोलायचा. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. बाजूला डॉल्बी, मागे भांडी, डोळ्यांत एलईडी, कानात आपलाच उशिरा आलेला आवाज.

रात्री ८.३१

वेळ व्हिडिओवर आहे. सहाव्या-सातव्या रांगेत, वाटेच्या कडेला एक वयस्कर गृहस्थ बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी. त्यांचा पुतण्या त्यांना घेऊन आला होता, घरात बसून राहू नयेत म्हणून, आणि तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेला होता.

"काका, एकटेच? काकू कुठायत?"

ते म्हणाले, "गेल्या हो. दोन महिने झाले."

हे मला ऐकू गेलं, मी बाजूलाच होतो. आसपासच्या तीन-चार रांगांना ऐकू गेलं. होस्टला ओठ हललेले दिसले.

"म्हणजे आज मोकळे! बघा चेहरा कसा खुललाय."

हे वाक्य मात्र सगळ्या हॉलला स्वच्छ ऐकू आलं, कारण नेमक्या त्याच क्षणी डॉल्बीवरचं गाणं संपलं होतं. इकोने शेवटचा शब्द दोनदा म्हटला.

मागे बसलेले काही जण हसले, त्यांना पहिलं उत्तर ऐकू आलेलं नव्हतं. त्या हशामुळे होस्टला वाटलं जमलं, आणि तो हसतच काकांकडे बघत राहिला. व्हिडिओत हेच दिसतं: एक विधुर खाली मान घालून बसलेला आणि वर एक मुलगा हसत उभा. जवळच्या रांगेतल्या एका बाईंनी उठून ओरडून सांगितलं तेव्हा त्याला कळलं. तो काहीतरी म्हणाला, माइक तोंडापासून लांब होता. पुतण्या आत आला, कुणीतरी त्याला सांगितलं, तो रंगमंचाकडे धावला, चौघांनी धरलं. पासवरची कुटुंबं उठली. मुलांना कडेवर घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसांनी मधली वाट भरली, तेवढी ती दिवसभरात भरली नव्हती.

रात्री ९ आणि पुढे

हेडलायनर नऊच्या आसपास पोचला. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं उरली होती. दहाला माइक बंद करावा लागणार होता. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. आवाज बाहेर न जाणाऱ्या बंद सभागृहाला सूट आहे, पण काचा आणि पत्र्याच्या या हॉलमधून आवाज बाहेर जातच होता, आणि परवान्यावर दहाच लिहिलं होतं. हेडलायनरने माइकला हात लावला नाही. उरलेल्यांना पुढे बोलावलं, तिकिटाचे पैसे परत मिळतील असं सांगितलं आणि आयोजकांच्या वतीने माफी मागितली. पैसे मुलांनी पुढच्या आठवड्यात सगळ्यांना परत केले, दोघांनी उसने काढून.

होस्ट दुसऱ्या दिवशी कॅमेरा न घेता, एकटा, त्या काकांच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्या दोघांचं आहे, मी विचारलेलं नाही. व्हिडिओ फिरत राहिला. मुलगा दोन महिने कॉलेजला जायला कचरत होता, हे मात्र त्याला उद्धट म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

त्या मुलांनी पुढे शो केले. एका वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर, छत बुटकं, ऐंशी खुर्च्या, वाट एका कडेला, वायरचा माइक, इको शून्य, प्रेक्षकांत अंधार. वेळेला दार बंद. होस्ट सहा मिनिटं बोलतो आणि प्रश्न विचारला तर उत्तर स्वतः माइकमध्ये परत म्हणतो. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, आणि आपण नीट ऐकलं ना, हे आपल्यालाही कळावं म्हणून. मृत्यू, आजारपण, मूल नसणं यांच्या आसपास जाणारा एकही प्रश्न तो विचारत नाही. होस्ट तोच मुलगा आहे. पहिल्या शोला त्याने जे लिहिलं होतं त्यातले तीन विनोद अजून करतो आणि लोक खळखळून हसतात. विनोद तेव्हाही वाईट नव्हते.

केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभारण्याचं काम हाती घेतलेलं आहे आणि ते लवकर पूर्ण व्हावं ही सगळ्या कोल्हापूरची इच्छा आहे. पण पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलाला एवढा मोठा रंगमंच परवडत नाही आणि पेलतही नाही. त्याला शंभर माणसांची खोली लागते. ती कोल्हापुरात सहज मिळत नाही, आसपासच्या गावांतही नाही. म्हणून ही मुलं मंगल कार्यालयांत जातात. महापालिकांना, शाळांना, ग्रंथालयांना, ज्यांच्याकडे संध्याकाळी कुलूप लागणारी एखादी खोली आहे त्या सगळ्यांना माझी विनंती आहे: आठवड्यातला एक दिवस ती या मुलांना द्या. भाडं ते भरतील. खुर्च्याही तेच लावतील.